अठ्ठेचाळीस पाइपा

रीता : "बाई, कागदावर पूल लिवता त पाइपा धरून लिवा," असं म्हणाले होते काकाजी. मी मान हलवली आणि गाडीत बसले. तेच सांगायला आले, काकू.

पार्वताबाई : थांबा बाई, आंदी बसा. लेकराले खाली ठेवा. कोनत्या पाइपा, न कोन तुमी? मी त वळखलं नाई तुमाले.

रीता : मी रीता. भंडाऱ्याजवळच्या शहापूरची. मागच्या वर्षी मार्चमध्ये नागपूरच्या ऑफिसातून नाल्याची मोजणी करायला लोक आले होते, त्यातली बाई. खांद्यावर बाळ होतं.

पार्वताबाई : रडनारं?

रीता : तेच. ही बघा, टीना.

पार्वताबाई : ये माय. एवढी झाली. तवा मुठीएवढं तोंड होतं, न आवाज पार टोलीभर. ये, मुर्रा खाशीन? घे. बाई, तुमी पाय कायले असे दारात ठेवून बसल्या? निवांत बसा ना.

रीता : मागे बोडी आहे का हो काकू? पाणी दिसतंय. ही पाणी दिसलं की पळते.

पार्वताबाई : बुडाशी हातभर पानी आहे. जून कोरडाच गेला यंदा. पन मागचं दार लावतो, थांबा. ... हं. आता कुठी जात नाई ते. पाइपाचं काय म्हनत होत्या?

रीता : काकाजी घरी नाहीत?

पार्वताबाई : पुलाकडं गेले. आभाळ भरलं का त्याइचा पाय घरात टिकत नाई. येतीन. तुमी बोला.

रीता : त्यांच्यासमोरच बोलायचं होतं. पण तुम्हालाही सांगायला हवंच. गावाच्या पंचायतीत पुराचा नकाशा लागला होता ना, निळा-हिरवा? निळं म्हणजे पाणी येणार, हिरवं म्हणजे नाही. तुमची ही वस्ती, टोली, हिरव्यात होती.

पार्वताबाई : होती. हिरवीगार. भय्याजी सरपंचानं लाकडाच्या चौकटीत बसवला होता त्याले. सरकारनं पाठवला म्हने.

रीता : सरकारनं नाही, काकू. मी काढला होता तो.

पार्वताबाई : चहा ठेवतो.

रीता : नको काकू, खरंच.

पार्वताबाई : तुमच्यासाठी नाई. माह्या हाताले काम पायजे म्हनून. सांगा तुमी, मी आयकून रायली. पूल कसा लिवला तुमी, तेवढं सांगा. बाकीचं मले कळत नाई.

रीता : कळेल. आम्ही काय करतो, संगणकात सगळी जमीन चौकोनाचौकोनात मांडतो. तुमच्या धानाच्या बांध्या असतात ना, अगदी तशा. प्रत्येक बांधीची उंची भरायची. मग वरून पाऊस सोडायचा. या बांधीतून त्या बांधीत पाणी कसं उतरतं, कुठे तुंबतं, ते दिसतं.

पार्वताबाई : आन् पूल?

रीता : ती उंची आभाळातून मोजलेली असते. वरून पाहिलं तर पूल म्हणजे नाल्यात आडवी टाकलेली भरीव भिंत दिसते. तसाच ठेवला तर संगणकाला वाटतं, इथे धरणच आहे. म्हणून आम्ही पूल खरवडून टाकतो. खालून जेवढी वाट आहे तेवढी मोकळी करायची, खांबांसाठी थोडा अडथळा धरायचा, झालं.

पार्वताबाई : म्हनजे आमचा पूल तुमच्या नकाशात नोहताच.

रीता : नव्हता. खांब तेवढे होते. उंच पुलाला तसं चालतं, पाणी वरपर्यंत जातच नाही. पण हा ठेंगणा. पाणी स्लॅबच्या तळाला टेकलं की खालची वाट अपुरी पडते, मग ते पुलावरून जातं. वरून जाताना कठड्याच्या पाइपांमध्ये काय अडकेल, ते मी धरलंच नाही.

पार्वताबाई : बाई, बांधीच्या धुऱ्याले पानी काढाले तोंड पाडतो आमी. त्या तोंडात धानाच्या तनसाची एक पेंडी अटकली त वरची बांधी फुटते. हे त पोट्ट्याइले बी मालूम आहे.

रीता : काकाजींनी हेच सांगितलं होतं. याच शब्दांत.

पार्वताबाई : सांगनारच. एकतीस वर्स त्या रोडावर मैलकुली होते. खड्डे बुजवा, झाडं छाटा, न मिरगाच्या आंदी पुलाच्या पाइपा काढा. अठ्ठेचाळीस पाइपा. बंडीत टाकून ह्या पडवीत आनून ठेवत. दसऱ्याले परत लावत. चार महिने घरात पाय ठेवाले जागा नसे. मोनू, आमचा पोरगा, आता हैदराबादले आहे तो, लहानपनी त्या पाइपाइच्या ढिगावर गोधडी टाकून झोपे. मी म्हनो, लोकाइच्या घरी धान साठवतात, आमच्या घरी सरकारचं लोखंड. त हे म्हनत, पाइपा घरात आहेत म्हनून पानी बाहेर आहे.

रीता : मग ते निवृत्त झाले.

पार्वताबाई : झाले. त्याइच्या जागी मानूस आलाच नाई. एक साल पाइपा पुलावरच राहिल्या, पाच-सहा चोरून नेल्या कोनं भंगारात. मंग ठेकेदार आला, नव्या बसवल्या न सगळ्या वेल्डिंग करून टाकल्या. आता कोन चोरते पाहतो, म्हने. चोर गेला, पूर राहिला.

रीता : मला दाखवायला नेत होते ते वेल्डिंग. जीपजवळ आले, म्हणाले, चला बाई, दोन मिनिटं, हात लावून पाहा, आता ह्या निघत नाहीत. टीना नऊ महिन्यांची होती. सासूबाई आजारी, तिला ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून सोबत घेतलं होतं. दूध बाटलीत फाटलं होतं. ती रडून रडून लाल झाली होती. मी म्हटलं, काकाजी, पुलाचा कागद आहे आमच्याकडे, त्यात सगळं लिहिलंय. कागदात लिहिलं होतं, कठडे सुटे, पावसाळ्यात काढून ठेवतात. मी तसंच भरलं. वीस पावलांवर पूल होता, काकू.

पार्वताबाई : वीस नाई. बारा.

रीता : टीना, ते तोंडात नको घालू. दे इकडे. ... खडा होता.

पार्वताबाई : मुर्र्यात खडा? मी चाळून देल्ला.

रीता : नाही, जमिनीवरून उचलला तिने. माझं लक्ष असतं हो. सारखं असतं. कधी नसतं, तेवढं एकदाच नसतं.

पार्वताबाई : ऑगस्टात काय झालं, मालूम आहे तुले?

रीता : फोनवर पाहिलं. पूर्ण नाही.

पार्वताबाई : मंग आयक. सकाळचे नऊ वाजले होते, मी भात मांडला होता. भोंग्यावर सांगतलं, खालच्या आळीनं शाळेत जा, टोलीवाल्याइनं घरीच थांबा, टोली हिरवी आहे. खालच्या आळीवाल्याइनं आपली ढोरं इकडं आनून बांधली. हिरवी म्हनून. हे दारात उभे होते. म्हनले, मोनूची माय, पानी उलटं येऊन रायलं. मी म्हनलो, पानी कुठी उलटं येते? त म्हनले, पूल अटकला. बेशरमाची झुडपं, तनस, एक अख्खं पळसाचं झाड, सगळं पाइपाइले जाऊन चिकटलं. आरी घेतली न गेले.

रीता : एकटेच?

पार्वताबाई : बाकीचे ढोरं सोडून रायले होते. अकरा घरात कमरेएवढं पानी. चार गाई गेल्या, दोन आमच्या. ह्याइनं सात पाइपा कापल्या. सातवी कापली तशी त्या झाडानं जोर केला, पाइप वाकली न ह्याइचा हात तिच्यात सापडला. पन वाट झाली. अर्ध्या घंट्यात पानी उतरलं. लोकाइनं हे पाह्यलं नाई, लोक छपरावर होते. लोकाइनं एवढंच पाह्यलं, का पानी आलं.

रीता : काकू, अजून एक आहे. पुराच्या नंतर ऑफिसला पत्र आलं, नकाशा का चुकला म्हणून. उत्तर साहेबांनी सांगितलं, टाइप मी केलं. त्यात एक ओळ आहे. "कठड्यांबाबत स्थानिकांकडून कोणतीही माहिती प्राप्त झाली नाही." मी टाइप केली ती ओळ. मला वाटलं, चौकशीवाले टोलीत जातील, काकाजींना विचारतील, ते सांगतील की मी सांगितलं होतं, आणि मी पकडली जाईन. महिनाभर वाट पाहिली. मग अहवाल आला.

पार्वताबाई : अहवालात काय होतं?

रीता : काकाजींचं नाव होतं. "माजी मैलकुली परसराम यांनी सदर बाब आपण सांगितली नसल्याचे मान्य केले."

पार्वताबाई : हो. इथीच म्हनले, ह्या पडवीत. तीन सायेब बसले होते, हाताले प्लास्टर. सायबानं विचारलं, तुमी सांगतलं होतं का? हे म्हनले, नाई सायेब, राहून गेलं. मी दाराआड उभी. मले वाटलं माह्या कानाले काही झालं.

रीता : आणि मला वाटलं, सुटले. खरंच तसंच वाटलं, काकू. त्या संध्याकाळी मी टीनाला घेऊन भंडाऱ्याच्या बाजारात आइसक्रीम खायला गेले.

पार्वताबाई : आइसक्रीम.

रीता : हो.

पार्वताबाई : आन् इकडं मालूम आहे काय झालं? ग्रामसभेत भय्याजी उभा राहून म्हनला, एकतीस वर्स पुलावर राहिला न तोंड उघडाले झालं नाई. ज्याइच्या गाई गेल्या ते रस्त्यानं जाताना इकडं पाहत नाई. हे चौकात पान खायाले जात, ते बंद. भजनात टाळ वाजवत, हात गेला म्हनून तेबी बंद, न बरं झालं म्हने, नाईतरी जाऊ वाटत नाई. मी भांडली. म्हनलो, खोटं कायले बोलले? त म्हनले, लेकराले भूक लागली होती, म्याच जा म्हनलो तिले. मी जोर देल्ला नाई, त सांगतल्यासारखं कुठी होते? म्हनजे राहूनच गेलं ना.

रीता : ते "जा" म्हणाले नाहीत. मीच निघाले.

पार्वताबाई : हे त्याइले सांगजो. माह्यापासी काय रडतेस? पोरगी पाहून रायली तुह्याकडं. डोळे पूस. ... तुले म्हनू लागली मी, राग नोको मानू.

रीता : उलट बरं वाटलं.

पार्वताबाई : आज काहून आली? साल होत आलं.

रीता : जूनमध्ये मी घरी पुन्हा सगळं चालवून पाहिलं. तोच नाला, तोच पाऊस. फक्त या वेळी पूल पुसला नाही. पाइपा धरल्या, आणि त्यांच्यात कचरा अडकून तीन फूट उंच भिंत झाली असं धरलं. मग पाणी टोलीत आलं. तुमच्या घरापाशी जमिनीपासून अडीच फूट आणि वर चार बोटं. मला पाहायचं होतं, ते बरोबर आहे का.

पार्वताबाई : हे पाहा. त्या कनगीच्या मांगं.

रीता : ही रेघ?

पार्वताबाई : गाळाची. दिवाळीले सगळं घर पोतलं, हे म्हनले तेवढी रेघ राहू दे. मोज.

रीता : टेप धरता का तिकडून? ... अडीच फूट. वर पाच बोटं.

पार्वताबाई : तुह्यी चार, भिंतीची पाच. एक बोट चुकलं.

रीता : एक बोट चुकलं. ते पाइपा धरून.

पार्वताबाई : आन् न धरून?

रीता : कोरडं. उंबरासुद्धा भिजत नाही.

पार्वताबाई : घे, चहा घे. थंडा होऊन रायला. पाह्य, आलेच हे.

(परसराम येतात. डाव्या हातात टोकाला लोखंडी आकडा बांधलेला लांब बांबू. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत.)

परसराम : मोनूची माय, वर पवनीकडं काळं झालं आहे. घोंगडं दे. ... हे कोन? हे लेकरू... अरे, हे तेच ना? बोलते का आता?

रीता : बोलते, काकाजी. अनोळखी माणसापुढे गप्प होते.

परसराम : शहाणी आहे. तुमी बसा बाई, उठल्या कायले? तवाबी तुमी उभ्याच होत्या.

रीता : काकाजी, मी पंचायतीत जाऊन आले सकाळी. भय्याजींच्या हातात पत्र दिलं, माझ्या सहीचं. नकाशा माझा होता, तुम्ही पाइपांचं सांगितलं होतं, मी धरलं नाही, आणि नंतर खोटं टाइप केलं. नवा नकाशाही दिला, टोली निळी असलेला. त्यांना म्हटलं, जुन्या चौकटीतच लावा, सगळे वाचतील असा. एक प्रत गेल्या आठवड्यातच चौकशीवाल्यांना पाठवली होती, एक ऑफिसला.

परसराम : ऑफिसले कायले?

रीता : तिथेच तर खोटं ठेवलंय.

परसराम : आन् नोकरी?

रीता : काल फोन आला. सध्या येऊ नका म्हणाले. टीनाचे पप्पा आहेत कमावणारे, चालेल. ते रागावलेत, पण चालेल.

परसराम : लेकरू आहे पदरात, न असं करून बसल्या. बाई, माहं काय होतं? मी बुढा. चार लोक बोलले नाई त काय बिघडलं? न खोटं बी नाई म्हनलो मी. जोर देल्लाच नाई. तुमचा हात धरून वेल्डिंगवर ठेवाले पायजे होता. एकदा म्हनलो न चूप बसलो. एकदा म्हनलं त कोन आयकते? ढोरबी आयकत नाई.

रीता : एकदा नाही, काकाजी.

परसराम : काय?

रीता : तुम्ही तीनदा म्हणालात. एकदा पुलाजवळ, मी पट्टी धरली होती तेव्हा. दुसऱ्यांदा जीपजवळ, दोन मिनिटं चला म्हणून. आणि तिसऱ्यांदा मी गाडीत बसून काच वर करत होते, तेव्हा तुम्ही काचेवर हात ठेवलात. "बाई, कागदावर पूल लिवता त पाइपा धरून लिवा." काच पूर्ण वर जाईपर्यंत तुमचा हात होता. मला तो हात दिसतो रोज.

परसराम : तीनदा?

रीता : तीनदा. पत्रातही तसंच लिहिलंय.

परसराम : मले वाटे एकदाच म्हनलो. सालभर तेच... मोनूची माय, आयकलं का?

पार्वताबाई : आयकलं. बहिरी नाई झाली मी. मी त पयल्या दिवसापासून म्हनून रायली.

परसराम : तू म्हनशीनच. तू माही बायको आहेस.

पार्वताबाई : आता बसा थोडं. चहा पेवा. बाईनं भिंत मोजली. एक बोट चुकलं तिचं.

परसराम : फक्त एक? मंग ते एक बोट बाभळीचं. पुलाच्या वरच्या अंगाले बाभळी उगवल्या आहेत, त्याबी धरा म्हना. ... पाइपांचं काय म्हनला भय्याजी?

रीता : वर कळवतो म्हणाले. पंधरा दिवस लागतील, कापायला माणूस यायला.

परसराम : पंधरा दिवस. हं. एक्केचाळीस आहेत अजून. आरी धरता येत नाई मले आता, पन बांबू धरता येते. कचरा येताच ओढून काढला त भिंत होत नाई. मी निघतो.

रीता : नका जाऊ, काकाजी. टोलीच निळी आहे आता, लोक शाळेत जातील. पुलावर कोणी थांबायची गरज नाही.

परसराम : मानसं जातीन शाळेत. घरं कुठी जातीन? बाई, तुमचं पत्र कागदावर आहे, पाइपा पुलावर आहेत. लेकराले पान्यात नोको आनजा. तुमी फाट्यावर जा, चारचा ऑटो भेटन. येतो मी. ए बेटा, येतो म्हन.

पार्वताबाई : घोंगडं घ्या. न डाव्या अंगानं उभे राहजा, उजव्या हातानं काही धरता येत नाई तुमाले.

रीता : काकू, गेले ते. अडवलं का नाही तुम्ही?

पार्वताबाई : अडवतो मी. रोज अडवतो. माह्या म्हनन्याची आता सवय झाली त्याइले, जसा कोंबडा आरवते तसं. दुसरं कोन म्हनत नाई ना. सालभर कोनी बोलतच नोहतं, त घरी चला म्हननार कोन?

रीता : मी थांबू?

पार्वताबाई : थांबून काय करशीन? हिले खांद्यावर घेऊन पुलावर जाशीन? एकदा झालं ना तसं. तू जा. घरी जाऊन पत्र लिव अजून चार.

रीता : लिहीन. हेही लिहीन, आज आपण जसं बोललो तसंच.

पार्वताबाई : कोन वाचन ते?

रीता : कोणीही. या रस्त्यानं जाणारं एखादं माणूस वाचेल.

पार्वताबाई : मंग त्याले सांग काही. नुसतं रडगानं नोको लिवू. कामाचं सांग.

रीता : सांगते. तुम्ही, जे हे वाचताय. पवनीहून कोंढ्याकडे येताना टोलीचा फाटा लागतो, आणि फाट्याच्या पुढे ठेंगणा पूल. आभाळ भरलेलं असेल तर दोन मिनिटं गाडी थांबवा. घोंगडं पांघरून, बांबू घेऊन एक म्हातारे गृहस्थ उभे असतील. काच खाली करा. काकाजी, घरी चला, म्हणा. एकदा म्हटल्यावर ऐकणार नाहीत. तीनदा म्हणा.